बाहेर, खाली आणि बुटाची नाडी

"रविवारी उवेला बाकावर बसवतोय," वोल्फगांग म्हणाला. "तुझाच रिपोर्ट आहे. प्रेशर आलं की ढेपाळतो."

वोल्फगांग आमच्या बेसबॉल क्लबचा ट्रेनर. मी त्सुफेनहाउझेनजवळ एका कंपनीत नॉइज टेस्टिंगला होतो. गाडीत नको तो आवाज कुठून येतो, ते शोधायचं काम. जर्मन मार्क जाऊन युरो आला त्यानंतरची ही गोष्ट. सुट्टीच्या दिवशी मी हौसेनं क्लबचं ॲनालिसिस करायचो. उवे आमचा रिलीफ पिचर. पिचर म्हणजे आपला गोलंदाज, आणि पहिला दमल्यावर शेवटी सामना सांभाळायला येतो तो रिलीफ. उवे चौतीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन. या वयात एकदा बसवलं की परत कोणी बोलावत नाही, हे त्याला माहीत होतं.

बाकीच्या टीम्सना तो नाचवायचा. फक्त नेकार नदीपलीकडची एक टीम त्याला दर वेळी धुवायची. मी स्पीड तपासला, हाताचा अँगल तपासला. सगळं ठीक. मग रिपोर्टमध्ये ‘नर्व्हस’ लिहून मोकळा झालो. उवेनं तो वाचला आणि घडी करून मला परत दिला. तेव्हापासून मला चैन नव्हतं.

शनिवारी दुपारी त्या टीमबरोबरच्या सामन्यांच्या टेप परत लावल्या. बायको, वैशाली, इस्त्री करत होती.

"अहो, आवाज तरी वाढवा. मुका सिनेमा काय बघताय?"

"नुसता कलकलाट असतो गं."

तिनंच वाढवला. आधी माझा आवाज आला: "बाहेर!" आमच्या खुणा सगळे ओळखायला लागले, म्हणून ही युक्ती मीच काढली होती. उवेनं बॉल कुठे टाकायचा ते वोल्फगांग माझ्या कानात सांगायचा, आणि मी बाकावरून मराठीत ओरडायचो. आत, बाहेर, वर, खाली. उवेनं चारही शब्द पाठ केले होते. इथे ट्रेनमध्ये आपण समोरच्याबद्दल बिनधास्त मराठीत बोलतो, कोणाला कळतंय! तोच हिशोब.

"तुम्ही ओरडलात की टाळ्या कोण वाजवतंय?" वैशालीनं विचारलं.

टेप मागे घेतली. "बाहेर!" दोन टाळ्या. "खाली!" एक टाळी. प्रत्येक वेळी. त्यांचा कोच मैदानाच्या कडेला उभा राहून बॅटरला सांगत होता.

त्यानं ऐकून ऐकून शब्द ताडले असतील, तर नवे शब्द चालले असते. पण त्याला मराठीच येत असेल तर? रविवारी सामन्याआधी मी त्याच्या बाजूनं गेलो आणि न बघताच म्हणालो, "बुटाची नाडी सुटलीय."

त्यानं खाली बघितलं. नाडी घट्ट बांधलेली होती. त्याचे कान लाल झाले. मग हसून म्हणाला, "चालतंय की! बायको कोल्हापूरची."

मी पळतच वोल्फगांगकडे गेलो. "उवे नर्व्हस नाही. बातमी मी फोडतोय."

"आल्झो, मग आज तू गप्प बस."

"नको. ओरडतो, पण उलटं. टाळ्या आपण पकडल्यात हे त्यांच्या कोचला माहीत नाही."

उवेला समजावलं: आत म्हटलं की बाहेर, वर म्हटलं की खाली. शेवटच्या डावात वोल्फगांगनं त्याला पाठवलं. "बाहेर!" दोन टाळ्या. बॉल आत घुसला, बॅट हवेत फिरली. तिघं लागोपाठ बाद झाले आणि आम्ही जिंकलो.

उवे तडक माझ्याकडे आला. मिठी नाही, हसणं नाही. "रिपोर्ट काढ," म्हणाला. ‘नर्व्हस’ हा शब्द मी त्याच्यासमोर खोडला. त्यानं ते बघितलं.

"गेनाऊ," तो म्हणाला. "अगदी बरोबर. आता तिथे तुझं नाव लिही."

लिहिलं.

आमच्या लॅबचा पहिला नियम असा की इंजिन सुरू करायच्या आधी खोलीचा स्वतःचा आवाज मोजायचा. नव्या लोकांना तो मीच शिकवतो.