हजार कार्डांवरचं आडनाव

नव्या कार्डांच्या गठ्ठ्याचं रबर काढलं की शाईचा जो उग्र वास येतो, त्यानं अजून माझे कान गरम होतात. गंगाखेडला मी व्हिजिटिंग कार्डांचं दुकान नुकतंच टाकलं होतं आणि शाळेत माझ्या वर्गात असलेली एक मुलगी तिच्या ब्युटी पार्लरचं कार्ड करून घ्यायला आली. माझा तिच्यावर जीव होता, हे तिला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक. ती गेल्यावर मी गंमत म्हणून तिच्या नावापुढं माझं आडनाव टाकून बघितलं. दिसलं मात्र झकास. छपाईसाठी फाइल परभणीला पाठवायची आणि हजार कार्डं एसटीनं यायची, अशी आमची पद्धत. मी शहाण्यानं नेमकी तीच फाइल पाठवली, आणि पार्सल आलं तेव्हा ती दुकानातच होती, उघडलं तिनंच. "अरे येड्या, बाबांनी बघितलं असतं म्हंजे?" म्हणून ती हसली. मीही हसलो, जरा आशेनंच. मग तिनं कार्ड हळूच उलटं ठेवलं. "आडनाव बदलायचंच हाय मला. कालच सुपारी फुटली, पुढच्या महिन्यात लग्न हाय. पण हे न्हाई रे." मी वही पुढं सरकवली, तिनं नवं आडनाव लिहिलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अक्षर कोणतं ठेवू?" "तुला लय आवडंल ते." दोन दिवस बसून नवं कार्ड केलं. आजही गिऱ्हाइकानं नमुना मागितला की मी तेच कार्ड दाखवतो. त्याहून देखणं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.