आखूड विमानाची शेपटी

न आलेल्या विमानाची वाट बघणं ही माझी नोकरी. दोह्यातल्या एका विमान कंपनीच्या तांत्रिक विभागात मी ती वर्षानुवर्षं मन लावून केली आहे. विमान रुंद, पण त्याच मालिकेतल्या थोरल्या भावापेक्षा आखूड. मधला भाग कमी करायचा, माणसं कमी बसवायची, इंधन मात्र तेवढंच भरायचं, म्हणजे ते न थांबता पृथ्वीच्या पार पलीकडे जाणार. कागदावर ते केव्हाच पोचलंय.

मुलगी चौथीत असताना मी फुशारकी मारली होती. कॉलेजला जगात कुठेही जा, माझ्या विमानाने एका दमात पोचशील. त्याच वर्षी बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये गणपतीपुढे टांगायला मी थर्माकोलचं विमान केलं. ते मखरात मावेना, म्हणून कटरने मधला तुकडा काढून दोन्ही टोकं चिकटवली. एसीच्या वाऱ्यावर ते गरगरायला लागलं. ऐन आरतीत बाप्पाकडे पाठ.

"बाबा, द टेल इज टू स्मॉल," मुलगी म्हणाली.

आखूड विमानाला सरळ राहायला शेपटी मोठी लागते, हे मी ऑफिसात नव्या लोकांना शिकवतो. पण घरी चौथीतल्या पोरीचं कोण ऐकून घेणार? देखावा आहे तो, असं म्हणून मी तिला गप्प केलं.

पुढे दरवर्षी तेच विमान माळ्यावरून निघायचं. खरं विमान पुढच्या वर्षी, इन्शाल्ला, असं साहेब म्हणायचे. पाहुणे खवचटपणे चौकशी करायचे. मोदक वाढता वाढता बायको सांगायची, की बोलावल्यावर वेळेवर येणारा आमच्याकडे एकटा गणपतीच.

यंदा जुलैत मुलगी कॉलेजसाठी न्यूझीलंडला गेली, दोनदा विमान बदलून. दुसऱ्या विमानतळावर बॅग सापडेना, तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन रडली. हे तिने आईला सांगितलं, मला नाही. मला फार लागलं ते.

गणपतीत मी मुकाट्याने मोठी शेपटी कापून चिकटवली. विमान बाप्पाकडे तोंड करून सरळ राहिलं. मुलीला व्हिडिओ पाठवला. जन्मभर मला इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या पोरीने मराठीत लिहिलं, "मी सांगितलं होतं. आता खरं आण. मला घरी यायचंय."

विसर्जनाला बादलीपाशी उभा राहून मी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणालो. गणपतीला नाही.