म्हणे न लावता

माझा धाकटा भाऊ आमच्या मायला गेम सांगायचा. खेळायचा तो, ऐकायची ती. हुमनाबादच्या कारखान्यातली पाळी संपवून हळ्ळीखेडला घरी आला की तो कॉम्प्युटर लावायचा आणि माय शेजारी तूर निवडत बसायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. पडद्यावरचं सगळं तो आमच्या बोलीत आणायचा.

त्या गेमची गोष्ट म्हणजे शुद्ध थाप होती. मेलेल्या बापाचं काळीज एका घड्याळात टिकटिक करतंय, आणि त्याची पोरगी ते घड्याळ गळ्यात अडकवून ढगांवरच्या गावात बापाला शोधतेय. पहिल्या दिवशी मी हसलो. पण तो खेळताना बघितलं की हसू टिकेना. पोरगी भिजली की तिची चाल मंद व्हायची. जड दार उघडायचं तर बटण दाबूनच धरावं लागायचं, बोट दुखायचं. रिकाम्या घरात शिरताना ती आधी पाय पुसायची. ढगांवर गाव कसं उभं राहिलं, हे गेमनं कुठंच समजावून सांगितलं नव्हतं, आणि मायनंही कधी विचारलं नाही. तिला पाय पुसणारी पोर पुरेशी होती. "उपाशीच हिंडायली की रे लेकरू," म्हणायची.

एकदा भावाची पाळी लांबली म्हणून पुढचं सांगायला मी बसलो. "घड्याळ बंद पडलं म्हणं. मग ती हिरीत उतरली म्हणं." मायनं सूप खाली ठेवलं.

"म्हणं लावून सांगायलास. तुलाच पटंना, मग मला कामून सांगायलास?"

मला राग आला. नंतर भावाला विचारलं, तर तो एवढंच बोलला, "तू लांबून सांगायलास. दार ढकलल्यालं सांग की."

गेल्या वर्षी एका सकाळी कामावर जाताना हायवेवर त्याच्या मोटारसायकलला लॉरीनं उडवलं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तो जाऊन अर्धा तास झाला होता. पंचनामा वगैरे उरकून त्याला घरी आणणारी गाडी दुपारनंतर सुटणार होती, म्हणून मी आधी घरी आलो. गाडी दारात उभी राहिल्यावर मायला कळलं तर ती जागीच कोसळेल, ही भीती होती.

ती भाकरी थापत होती. मी म्हणालो, "माय, त्याला लॉरीनं उडवलं. गेला म्हणं."

स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेला मी, आणि ऐकीव बातमी दिल्यासारखा बोललो. भित्रेपणा तो, दुसरं काही नाही. मायनं मान वर केली.

"म्हणं? मंजी तू बघितलास न्हाई. जा, नीट बघून ये. त्याच्यापुरत्या भाकरी करून ठेवते."

तिनं पुढचा गोळा हातात घेतला. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि भाऊ सांगायचा तसं सांगू लागलो. "मी आत गेलो, माय. आडवा ठेवल्याला व्हता. डाव्या पायात बूट व्हता, उजव्या पायात न्हवता. मोज्याला अंगठ्यापाशी भोक व्हतं. कपाळाला हात लावला. गार व्हतं."

तव्यावरची भाकरी करपली, तिनं उलटली नाही. तो मोजा बदल म्हणून सकाळी तिनंच त्याला सांगितलं होतं. मग तिनं एकच विचारलं.

"त्याच्या तोंडात पानी कोन घातलं?"

जाणाऱ्याच्या तोंडात घरच्या माणसानं पाणी घालायचं असतं. रस्त्यावर त्याच्याजवळ कोण होतं, होतं तरी का, मला माहीत नाही.

"मी," म्हणालो. "दोन घोट गिळला. मग डोळे मिटला."

तिला पटलं. पिठाचे हात कपाळाला लावून ती मोठ्यानं रडली, आणि गाडी आली तेव्हा कुणाचाही हात न धरता पुढं गेली.

आता कुणी भेटायला आलं की ती सांगते, माझं लेकरू तहानलेलं गेलं न्हाई, थोरला व्हता जवळ. मी तिथंच बसलेला असतो. लोक माझ्याकडं बघतात आणि मी मान हलवतो.