मुंबईला जायची तारीख

नाताळ आमच्या घरात कुणी करत नाही. माझ्या लेखी पंचवीस डिसेंबर म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातला एक लाल आकडा. त्या वर्षी तो बुधवारी आला होता. पुढे गुरुवार-शुक्रवारी रजा टाकली की शनिवार-रविवार धरून सलग पाच दिवस हाताशी येत होते. वेल्ह्याच्या कचेरीत मी अर्ज महिनाभर आधी देऊन ठेवला. रोज भोरहून निघून नसरापूरला गाडी बदलणाऱ्या बाईला सलग पाच दिवस म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक. पण ते मी माझ्या आरामासाठी मागितले नव्हते.

नोव्हेंबर संपता संपता मुंबईहून मावसभावाचा फोन आला होता. मावशीला विसर पडायला लागलाय हे आम्हाला वर्षभर माहीत होतं. आता तो म्हणाला, "ताई, आई अजून माणसं ओळखते. पण सकाळी ओळखलेलं माणूस संध्याकाळी ओळखेलच असं नाही. काल माझ्या बायकोला पाहुणी समजून चहा विचारला. तुझ्या आईला घेऊन ये, आणि लवकर ये."

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. दोघीच बहिणी, तोरण्याखालच्या एका वाडीत वाढलेल्या. आजी लवकर गेली, तेव्हा आईला मावशीनंच कडेवर घेऊन मोठं केलं. मावशी लग्न होऊन मुंबईला गेली, आईला आंबवड्याजवळ दिली. गेली सात-आठ वर्षं दोघींची गाठ नव्हती, सगळं फोनवर. मावशी ओळखतेय तोवर आईला तिच्यासमोर नेऊन उभं करायचं, एवढंच काम होतं. दोन मुक्काम, बस्स. त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं.

"जाऊ की," आई म्हणाली.

या "जाऊ की"वर मी विश्वास ठेवला, ही माझी चूक. नाताळपर्यंत कशाला थांबायचं, डिसेंबरच्या पहिल्याच शनिवारी निघू, असं मी मावसभावाला कळवूनसुद्धा टाकलं.

गुरुवारी रात्री आईचा फोन. "मोकळ्या हातानं भनीच्या दारात कशी जाऊ?"

आता आईच्या घरात, म्हणजे माझ्या भावाच्या घरात, भात झोडून नुकताच आलेला. इंद्रायणीची पोती पडवीत थप्पीला लागलेली. म्हटलं, त्यातला घे. तर नवा तांदूळ नको, त्याचा भात गिचका होतो. मग जुना घे. तर जुन्यात कणी लई. बरं, मग? मग असं निघालं की मावशीला इंद्रायणी मुळी चालतच नाही, तिला आंबेमोहोराची पेज लागते. आंबेमोहोर आमच्या भावकीत कुणी लावून किती वर्षं झाली, ते देवाला माहीत. पहिला शनिवार गेला.

मी वेल्ह्यात विचारत सुटले. कचेरीतल्या शिपायाच्या सासुरवाडीला थोडा निघाला, पण तोही भात, भरडलेला नाही. ते ओझं मांडीवर घेऊन मी भरल्या एसटीतून नसरापूर, नसरापूरहून भोर आणि भोरहून आंबवडे केलं. गिरणीवाला म्हणाला, एवढ्याशा भातासाठी यंत्र चालू करत नाही, अजून कुणाचा आंबेमोहोर आला की एकत्र काढू. कुणाचा येणार, डोंबलाचा? शेवटी वहिनीनं बिचारीनं माळ्यावरचं मुसळ खाली काढलं आणि उखळात कांडून दिला. दुसरा शनिवार त्यात गेला. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ना, ते तेल मी डोळ्यांनी पाहिलं.

मग गाडी. भाड्याची मोटार नको, बंद काचांत तिला मळमळतं. रेल्वे नको, जिना चढवत नाही. एसटी चालेल, पण ड्रायव्हरच्या मागची, खिडकीची जागा. मी स्वारगेटहून दादरला जाणाऱ्या गाडीत नाताळच्या बुधवारची तीच जागा धरली. तिकीट दाखवलं तर म्हणते, "उन्हाची बाजू हाय का ते बघितलंस का?" आठच्या गाडीला ऊन कुठल्या बाजूनं येतं, यावर भावानं आणि तिनं पाऊण तास घालवला. मी तिथंच बसून होते. मला कुणी काही विचारलं नाही.

दर वेळी मी मावसभावाला फोन करून नवी तारीख सांगत होते. पहिल्यांदा तो म्हणाला, "हरकत नाही गं." दुसऱ्यांदा, "बरं." तिसऱ्यांदा नुसतं "हं." मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

एवढं होऊन नाताळची तारीख पक्की झाली, तर मार्गशीर्ष आडवा आला. बुधवारी निघायचं आणि गुरुवार म्हणजे महालक्ष्मीचा शेवटचा गुरुवार. उद्यापन. सात सवाष्णींना आवतण गेलेलं. व्रत वहिनीचं होतं, पण आईचं म्हणणं, "सूनबाईला एकटीला जमायचं न्हाई." त्यातच कुणीतरी कॅलेंडरात बघून सांगितलं की त्या गुरुवारी एकादशी आहे. म्हणजे सवाष्णींना बोलवायचं आणि त्या उपाशी! अर्ध्या गावानं उद्यापन आधीच्या गुरुवारी उरकून घेतलं. म्हटलं, आपणही उरकू या. आई म्हणाली, शेवटचं म्हणजे शेवटचंच. वहिनी पुढं झाली. "आई, तुमी जावा. फळं आन् साबुदाणा देते समद्यास्नी. माझं काय अडत न्हाई."  थोड्या वेळानं आईनं नवं काढलं. सोमवारी सोमवती अमावास्या आहे, आदल्या दिवशी परतीची गर्दी फार असणार.

मी हात जोडले. एरवी माझी आई अशी नाही. कुणाच्या मयताला जायचं तर चप्पल शोधायलासुद्धा थांबत नाही. मावशीकडे जायचं म्हटल्यावरच हिला पंचांग, तांदूळ आणि ऊन दिसायला लागलं होतं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण चिडलेल्या माणसाला चिडण्यापलीकडे काही दिसत नाही, आणि मी त्या महिन्यात फक्त चिडलेलीच होते.

बुधवारी पहाटे भाऊ मला भोरहून मोटारसायकलवर घेऊन गेला. तिघांनी मिळून एसटीनं स्वारगेट गाठायचं आणि तिथं भाऊ आम्हा दोघींना गाडीत बसवून देणार होता. पिशवी भरलेली होती. आई पडवीत सूप घेऊन बसली होती आणि तो आंबेमोहोर निवडत होती. चारदा निवडलेला तांदूळ.

"उठ," मी म्हटलं.

"खडं हायेत ह्यात."

"एक खडा दाखव."

तिनं दाखवला नाही. सूप हलवत राहिली. माझा तोल गेला. "तुला जायचंच नाहीये! महिनाभर मला नाचवलंस, सरळ सांग ना!"

"व्हय," ती म्हणाली. "न्हाई जायचं."

 ती मान वर न करता बोलायला लागली. "दिवाळीला तिनं फोनवर मला नावानं हाक मारली. लहानपणीच्या. ते नाव आता दुसऱ्या कुणाला ठावं न्हाई, तुझ्या वडलांनाबी नव्हतं. तेवढं ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. म्या तिथं गेले, म्होरं बसले आन् तिनं इचारलं, तुमी कोण, तर? मग मी कुणाची धाकटी?"

  स्वारगेटची गाडी आता मिळणार नव्हती. मी मावसभावाला फोन लावला आणि सांगितलं की जमत नाहीये, आई यायला घाबरतेय. गावात रेंज धड नसते म्हणून फोन स्पीकरवर होता.

 तो म्हणाला, "ताई, आजवर बोललो नाही. तू पहिली तारीख दिलीस, त्या दिवशी मी आईला सांगितलं की तुझी धाकटी येतेय. चूक माझीच. तिला तारीख लक्षात राहत नाही गं, येतेय एवढंच राहतं. त्या दिवसापासून ती रोज सकाळी अंघोळ करून घडीचं लुगडं नेसते आणि दारात खुर्ची टाकून बसते. आज नाही म्हटलं की विसरते. संध्याकाळी आत आणायला मला रोज भांडावं लागतं."

आईनं सूप खाली ठेवलं. "यष्टी किती वाजता हाय?" तिनं विचारलं.

त्या दिवशीच्या गाड्यांत जागा नव्हती. गुरुवारी पहाटे आम्ही निघालो. घरात वहिनीचा घट मांडलेला, दारात अर्धी रांगोळी. आई घटाला हात जोडून बाहेर पडली. स्वारगेटला जी पहिली गाडी मिळाली तिच्यात चढलो. शेवटच्या बाकावर जागा मिळाली, उन्हाच्या बाजूला. घाटात तिला दोनदा उलटी झाली. तोंड पुसून तिनं तांदळाची पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

मावशी पहिल्या मजल्यावर दारातच बसली होती. हिरवं लुगडं, केस चापून बांधलेले, हात मांडीवर. आम्ही जिना चढून समोर उभ्या राहिलो. तिनं आईकडे नीट पाहिलं. मग परक्या माणसाला वाट द्यावी तसे पाय बाजूला घेतले. "या, बसा," म्हणाली. "माझी धाकटी भन यायचीय गावावरनं. ती आली की समद्यास्नी वाढते."

मावसभाऊ पुढं होऊन सांगायला लागला, "अगं आई, हीच—" आईनं हातानं त्याला थांबवलं. पहिल्या शनिवारी आलो असतो तर मावशीनं ओळखलं असतं का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. माझी हिंमत होत नाही.

आई उंबऱ्यावर, मावशीच्या खुर्चीला टेकून बसली.

"कुठनं यायचीय?" तिनं विचारलं.

"तोरण्याखालनं," मावशी म्हणाली.

"लई लांब हाय."

"व्हय की. येळ लागायचाच तिला," मावशी म्हणाली, आणि आईच्या कपाळावरचा घाम आपल्या पदरानं पुसला.