नावावरून कळतंच

विज्ञानाला जात नसते. हे मला ज्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं होतं. आडनावावरून उमगेना तेव्हा गाव विचारलं. मग म्हणाले, "असू दे. कोट्यातले असलात तरी काम करा म्हणजे झालं."

नव्वदीतली बारामती. इंदापूर रस्त्याला याच साहेबांचा गुप्तरोगांचा दवाखाना, तिथं मी नवा डॉक्टर. बरेचसे पेशंट उसाच्या ट्रकवरचे ड्रायव्हर. साहेबांचं संशोधन चालू होतं: सुंता झालेल्या पुरुषांना एचआयव्हीची लागण कमी होते का? प्रश्न खोटा नव्हता. परदेशात त्यावर तज्ज्ञांची भांडणं चालली होती, मी दोन्ही बाजू वाचत होतो. आमच्याकडे मात्र भांडणाला जागाच नव्हती. पेशंटचं नाव विचारायचं. मुसलमान असेल तर सुंता झालेली. बाकी सगळ्यांची नाही. असल्या माणसांना हात कोण लावणार? साहेब म्हणायचे, "नावावरून कळतंच."

निबंध परदेशी नियतकालिकाकडे गेला. तिथल्या परीक्षकांनी एकच विचारलं: सुंता झाली आहे की नाही, हे ठरवलं कसं? साहेबांनी उत्तर लिहिलं, "प्रत्यक्ष तपासणी करून." निबंधावर माझंही नाव होतं, म्हणून खाली माझीही सही हवी होती. पुण्याहून पाहुणे डॉक्टर आलेले, त्यांच्यासमोर साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला.

मी म्हणालो, "साहेब, आपण एकालाही तपासलेलं नाही. नावावरून चुकतं."

"एखादा अपवाद दाखवा."

"मी."

खरं होतं. लहानपणी लघवी अडायची, म्हणून सरकारी दवाखान्यात माझी सुंता केली होती. घरी बुद्धाची तसबीर, धर्माचा काही संबंध नाही.

पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "तुमच्यात हेही असतं का?"

साहेबांनी कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या तपासणीच्या पडद्याकडे बोट केलं. "पुरावा सादर करा, डॉक्टर. लाजू नका, पडदा आहे."

सगळे हसले. चहा देणारासुद्धा हसला. कान तापले. शाळेत मास्तरांनी अंघोळ केली का म्हणून वर्गासमोर बनियन वर करायला लावलं होतं. तेव्हा मी केलं होतं वर.

कागद तसाच ठेवून बाहेर आलो. ओट्यावर रशीद बसला होता, इंदापूरचा ड्रायव्हर. जखम अंगावर काढलेली, चेहरा उतरलेला. मी म्हणालो, "रशीदभाई, रक्त तपासायला दिलं का?"

"कशाला, सायेब? मोठं डॉक्टर म्हणलं, तुमच्यात त्यो आजार होत न्हाय."

"बायको कशी आहे?"

"सातवा लागलाय तिला."

निबंध अजून छापलासुद्धा नव्हता. पेशंटना औषधासारखा वाटायला मात्र सुरुवात झाली होती.

मी त्याला आत नेलं, दार लावून तपासलं, रक्त घेतलं. संध्याकाळी नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं: निबंधातल्या एकाही पेशंटची तपासणी झालेली नाही, माझं नाव काढा. प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली.

ते शांतपणे म्हणाले, "उपकार विसरलात."

"कुणाचे, साहेब?"

दुसऱ्या दिवसापासून मला काम नव्हतं. परीक्षकांनी निबंध परत पाठवला. साहेबांनी तो दुसरीकडे दिला, तिथं कुणी काही विचारलं नाही. पुढं साहेबांचा बारामतीत सत्कार झाला, शाल, नारळ, भाषणं. रशीदचा रिपोर्ट चांगला आला नाही. त्याच्या बायकोचाही.

साहेबांचं म्हणणं उद्या खरंही निघेल. मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं, एवढंच माझं भांडण आहे, आणि ते मी मरेपर्यंत करणार. माणूस तपासल्याशिवाय त्याच्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. कुणी लिहिलेलं माझ्यासमोर आलं तर सही करणार नाही, आणि गप्पही बसणार नाही.

सामान न्यायला गेलो तेव्हा तो पडदा कोपऱ्यातच होता. त्यावरचं कंपनीचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.