लाल साबण आणि पिवळा दगड

मुलांनो, आज इतवारीच्या बाजारातून आणलेली लाल साबणाची वडी कागदातून सोडवली आणि त्या औषधी वासाने मी जुन्या घराच्या मोरीपाशी जाऊन पोचले.

तुमचे आजोबा भूवैज्ञानिक. ते काम करत ती वाळवंटातली युरेनियमची खाण बंद झाली, तेव्हा आठवण म्हणून त्यांनी तिथला एक दगड डब्यात बंद करून आणला. काळ्या दगडावर पिवळ्या खनिजाचा नाजूक थर होता. सासूबाईंनी डबा उघडला आणि दगड देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला.

आजोबा ओरडलेच.

"काहून ओरडून राहिला गा? भंडारा लागला हाये दगडाले!"

"आई, भंडारा नाही, विष आहे ते!"

त्यांनी आईला मोरीवर बसवून तिचे हात लाल साबणाने तीनदा धुतले. सासूबाई हसत म्हणाल्या, "लहानपणी मी तुले अशीच धुवत होती."

मी यांना विचारलं, "आणि तुमचे हात?"

"माझे सरावले आहेत."

तेव्हा मीही हसले. पण खाणीतली विषारी हवा त्यांच्या छातीत केव्हाच उतरली होती. ते आपल्या आईच्या आधी गेले.

त्या दिवशी मी त्यांचेही हात धुवायला हवे होते. उपयोग झाला नसता, तरीही.