पौर्णिमेनंतरचा प्रयोग

इन्नोकेंती साव्विच झालुझ्नी यांचं चरित्र एका पानात मावेल. जन्म व्होल्गाकाठच्या खेड्यात, वडील चर्चमध्ये स्तोत्रं म्हणणारे. सोव्हिएत राज्यात चर्चचं नाव अडचणीचं, म्हणून नोकरीच्या अर्जात त्यांनी 'वडील: गायक' एवढंच लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं. मग सारातोव्हचं विद्यापीठ, आणि अठ्ठावीस वर्षं एकच प्रश्न: पोटात पातळ पदार्थ असलेली वस्तू गरगर फिरवली, तर ती तोल कसा सांभाळते? यावर त्यांचे अकरा लेख छापून आले, आणि ते वाचणारे सगळे लोक एका टेबलाभोवती सहज बसले असते.

बायको कपितोलिना हिला लेखांची गरज नव्हती. फिरवलं की उकडलेलं अंडं भोवऱ्यासारखं उभं राहतं, कच्चं डगमगतं, हे तिला आईनं स्वयंपाकघरातच शिकवलं होतं. दर ईस्टरला, सणाच्या रिवाजाप्रमाणे, ती पडदे ओढून, कांद्याच्या सालींत अंडी उकडून लाल करायची.

एकदा विभागातले कम्युनिस्ट पक्षाचे चिटणीस रोदिओन पांक्रातिच न सांगता घरी आले, ते नेमके त्याच दिवशी. टेबलावर तीस लाल अंडी. इन्नोकेंतींनी शांतपणे एक अंडं फिरवलं. ते टोकावर उभं राहिलं. मग एक पांढरं, कच्चं फिरवलं. ते आडवंच लोळत राहिलं. रंगामुळे दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, एवढंच ते म्हणाले. चिटणीस खूश झाले आणि हा प्रयोग दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवा म्हणाले.

तेव्हापासून कपितोलिना उघड्या खिडकीत अंडी रंगवू लागली. शनिवारी टोपली चर्चमध्ये नेऊन पाद्रीबाबांकडून पवित्र पाणी शिंपडून आणायची, रविवारी तीच टोपली प्रयोगशाळेत जायची. प्रयोग झाला की विद्यार्थी मीठ लावून अंडी खायचे. हे पाप की पुण्य, असं तिनं देवमातेच्या तसबिरीला विचारलं होतं. उत्तर आलं नाही, ते तिनं संमती म्हणून घेतलं.

तीन वर्षं गेली. शरदात विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि पुढच्या वर्षाच्या प्रयोगांचा आराखडा मंजूर करायला रोदिओन नोंदवही घेऊन घरी आले. इन्नोकेंतींना ती जागा मिळणं त्यांच्या एका शेऱ्यावर अवलंबून होतं.

"पहिल्या वर्षी सतरा एप्रिल. दुसऱ्या वर्षी नऊ. मग एकोणतीस," ते बोट फिरवत म्हणाले. "हा प्रयोग आहे की भटकी मांजर?"

ईस्टर कधी येतो हे पक्षाच्या चिटणिसाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. निदान ठाऊक आहे असं म्हणणं शक्य नव्हतं.

इन्नोकेंतींना खोटं बोलता येत नसे; त्यांनी ईस्टर काढायचा नियमच सांगितला, फक्त सणाचं नाव न घेता. "वसंतात दिवस-रात्र सारखे झाले, की त्यानंतरची पौर्णिमा धरायची," ते म्हणाले. "तिच्या पुढचा रविवार."

"चंद्र कशाला?"

"समुद्राला भरती कशानं येते?"

"हं. पातळ पदार्थ." रोदिओननी मान डोलावली. "आणि रविवारच का?"

"प्रयोगशाळा रिकामी असते."

रोदिओननी सगळं शब्दशः आराखड्यात लिहून घेतलं. "मग येत्या वर्षी कधी?"

"हिशेब काढून बघावा लागेल," इन्नोकेंती म्हणाले.

"चौदा एप्रिल," कपितोलिनाच्या तोंडून निघून गेलं.

रोदिओननी लिहिणं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"गणित पक्कं आहे तुमचं, कपितोलिना येगोरोव्हना. माझी आईही चौदाच म्हणाली." आणि त्यांनी खाली सही केली.

नोव्हेंबरात विभागप्रमुखाच्या दारावर इन्नोकेंतींच्या नावाची पाटी लागली. त्या रविवारी कपितोलिनानं चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावल्या, पहिली नवऱ्यासाठी. पाद्रीबाबांनी विचारलं, दुसरी कुणासाठी? तिला नाव माहीत नव्हतं. चिटणिसाच्या आईसाठी, असं तर तिथे सांगता येत नव्हतं.